खड्डे शोधणारा गोलकीपर

भोंगा वाजत होता आणि म्हातारा मला नालीत ओढत होता.

नाली सिमेंटची, कमरेच्या वर खोल, तळाला घोटाभर पाणी. हिवाळ्यातलं पाणी. माझा एक पाय आत गेला होता, दुसरा काठावर अडकला होता, आणि त्याने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी कातडीत रुतली. खांबावरच्या कर्ण्यातून एक बाई जपानीत तेच तेच सांगत होती. उंच जागी जा. समुद्रापासून दूर जा. उंच जागी जा. समुद्र आमच्यापासून दोन-तीन शेतांच्या अंतरावर, पाइनच्या चार वाचलेल्या झाडांमागे.

"वर!" मी ओरडले. "वर जायचं! वर!"

"खाली," तो म्हणाला. "बस. डोकं खाली."

मग मी पडलेच आत. सुनेने घेऊन दिलेली गरम पँट गुडघ्यापर्यंत भिजली. उठायला गेले तर त्याने माझ्या डोक्यावर तळहात ठेवला आणि कणकेचा गोळा दाबावा तसं मला खाली दाबलं. स्वतः शेजारी उकिडवा बसला, पाठ भिंतीला लावून. चेहऱ्यावर भीती नव्हती. पावसात आडोसा मिळाल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, तसा होता.

मला समजलं की हा माणूस मला वाचवतो आहे, आणि त्या वाचवण्यानेच मी मरणार आहे.

हा म्हातारा व्हिएतनामचा. सेंदाईत आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर मुलीकडे राहायचा. मुलगी लान, माझ्या मुलाच्या प्रयोगशाळेत काम करते. दोघं मिळून धातू तापवतात आणि गार करतात, मला कळलंय ते एवढंच. मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी मुलगा इथे आला. मी कराडला पिठाची गिरणी चालवत होते. गुडघे गेले, गिरणी विकली, आणि त्याने मला इथे आणलं. शाळा चौथीपर्यंत. आवाज मोठा, कारण आयुष्य पट्ट्याच्या घरघरीत गेलं. सून म्हणते, "आई, हळू बोला, इथे लोक फोनवरसुद्धा कुजबुजतात." मी म्हणते, कुजबुजू देत.

तर ओळख कशी झाली ते. सुपरमार्केटात माझ्या पिशवीतून एक कांदा निसटला आणि घरंगळत चालला. तेवढ्यात लाल शर्टातला एक म्हातारा दह्याच्या कपाटापासून आडवा झेपावला. अक्षरशः हवेतून आला. कांदा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तसाच कुशीवर पडून राहिला. दुकानातली पोरं धावली. एकाने खुर्ची आणली, एकीने पाणी, एकजण फोन लावायला लागला. त्यांना वाटलं, झटका आला. म्हातारा हलेना. सगळे खेळाडू मागे सरकेपर्यंत गोलकीपरने चेंडू धरून पडायचं असतं, हे मला नंतर कळलं. मग तो उठला, गुडघे झटकले, दोन पावलं धावला आणि कांदा माझ्याकडे खांद्यावरून फेकला. माझ्या ओच्यात नेमका आला.

मी म्हटलं, "कांदा फुटला असता तर?"

तो म्हणाला, "माझ्याकडून फुटत नाही."

आमच्या दोघांचं जपानी सारखंच वाईट होतं. चार क्रियापदं, भाज्यांची नावं, आकडे आणि कचरा कोणत्या वारी टाकायचा ते. म्हणूनच आमचं जमलं. जपानी माणसाशी बोलताना माझी जीभ जड व्हायची, त्याच्याशी नाही. इथे मी ते सगळं सरळ मराठीत लिहिते आहे. मान द्यायचे शब्द आम्हा दोघांनाही येत नव्हते, तेव्हा अरे-तुरेच.

पडेल ते झेलायची त्याला सवयच होती. इमारतीच्या दारातल्या झाडावरून पर्सिमोनचं केशरी फळ पडलं की झेलायचा. वरच्या मजल्यावरून कोणाचा मोजा उडाला की झेलायचा. आणि झेललेलं लगेच परत द्यायचा नाही. थोडा वेळ छातीशी धरून उभा राहायचा, मग द्यायचा. माझ्या नातीची टोपी त्याने एकदा अशी धरून ठेवली तर ती रडायला लागली. मी ओरडले, तेव्हा दिली.

दर शुक्रवारी सज्जात बसून दात घासायच्या ब्रशने फुटबॉलचे बूट धुवायचा. ते बूट घालून कोणी खेळत नव्हतं. धुवायचा, कागद कोंबायचा, वाळवायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा धुवायचा. मी विचारलं, मळलेच नाहीत तर धुतोस कशाला? म्हणाला, "मळल्यावर कोणीही धुतो."

माझा मुलगा त्याला कर्नल म्हणायचा. "आई, तुझा कर्नल खाली उभा आहे." कर्नल-बिर्नल काही नव्हता. हवालदाराच्या वर गेला नसावा. पण हनोईत सैन्याचा जो फुटबॉल संघ होता, त्यात होता. त्या देशात त्या संघाचं नाव घेतलं की रिक्षावाला रिक्षा थांबवतो, असं तो सांगायचा. लानला विचारलं तर ती म्हणाली, "थांबवतो. आणि मग तासभर बोलतो. म्हणून आम्ही नाव घेत नाही."

रोज सकाळी तो हिरोसे नदीच्या काठच्या बागेत जायचा. गुडघ्यांसाठी मलाही चालायला सांगितलं होतं, म्हणून मीही जायचे. नदीवर धुकं असायचं. पूल अर्धाच दिसायचा, अर्धा नसायचाच. आणि त्या धुक्यात हा लाल शर्ट घालून धावत असायचा. चेंडू नाही, दुसरा माणूस नाही. मध्येच हात वर करून कोणाला तरी हाक मारायचा, मध्येच छाती फुगवून चेंडू अडवल्यासारखं करायचा. पहिल्यांदा मी लांबूनच परत फिरले. वेड्याच्या वाटेला कशाला जा.

एक दिवस तो धापा टाकत माझ्याजवळ आला, माझी छत्री मागून घेतली आणि मातीत खोचली. मग मला खांद्याला धरून छत्रीपासून लांब नेऊन उभं केलं.

"तू डावा खांब."

"खांबाने काय करायचं?"

"काही नाही. हलायचं नाही."

लग्न झाल्यापासून इतकं सोपं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले.

त्या दिवसापासून मी खांब. सून मैत्रिणीला फोनवर सांगायची, आमच्या आई रोज वॉकला जातात. सत्तरी ओलांडलेली बाई नदीकाठी गोलचा खांब होऊन उभी राहते, हे सांगून कोणाचं भलं होणार होतं?

तो खेळायचा ते सामने खरे होते, पूर्वी झालेले. त्याच्या संघाचे. एका सकाळी एक सामना. अगदी पहिल्यापासून सुरुवात केली होती, स्वतः त्यात नव्हता तिथपासून. फ्रेंच लोक गेले, सैन्य हनोईत आलं, तेव्हा पलटणींतून पायाने चांगली असलेली पोरं गोळा करून संघ केला. काहींनी आयुष्यात बूट घातला नव्हता. पहिल्या सामन्यात बूट गळ्यात अडकवून मैदानावर आले आणि वरिष्ठ दिसला तेव्हा पायात चढवले. हा तेव्हा शाळकरी पोर, भिंतीवर बसून पाहायचा. तरी त्याला प्रत्येकाची चाल पाठ. डावीकडचा बुटका कसा पाय आखडून पळायचा, मधला उंच माणूस एक खांदा वर ठेवून का चालायचा. खांद्यात लोखंडाचा तुकडा राहिला होता म्हणून. म्हातारा एका क्षणी बुटका व्हायचा, दुसऱ्या क्षणी उंच व्हायचा. म्हणजे खरोखर उंच दिसायचा. मी डोळे चोळून पाहिलंय.

पहिले काही दिवस मी थंडीने कुडकुडत उभी राहायचे आणि मनात भाजीचा विचार करायचे. मग हळूहळू मला माणसं ओळखू यायला लागली. हा बुटका आला, आता हा उंचाला देणार. आणि एका सकाळी मला चेंडू दिसला. तपकिरी चामड्याचा, ओला, जड. सरळ माझ्या तोंडावर येत होता. मी मान बाजूला केली.

म्हातारा थांबला. "खांब हलत नाही."

"लागला असता."

त्या दिवशी घरी जाताना माझी छत्री त्याने उचलली.

पुढे युद्धाची वर्षं आली. अमेरिकेची विमानं हनोईवर यायला लागली तेव्हा संघ खेड्यात हलवला होता. भातखाचरांच्या मधोमध मैदान, आणि मैदानाच्या कडेने खड्डे. एकेकाचा एक. गोल, रांजणासारखा, माणूस उकिडवा मावेल एवढा, वर झाकण. हा तोवर संघात आला होता. खेळाडूला मैदानावरची आपली जागा ठाऊक असते तसा आपला खड्डा ठाऊक. भोंगा झाला की खेळ जिथे असेल तिथे सोडायचा आणि आपापल्या खड्ड्यात. चेंडू ज्याच्या पायात असेल त्याने चेंडू घेऊन जायचं, कारण चेंडू एकच होता. विमानं गेली की वर यायचं आणि तिथूनच पुढे.

"तोवर कोण जिंकत होतं ते विसरायचे नाहीत?" मी विचारलं.

"खड्ड्यात दुसरं आठवायला काय असतं?"

हे सामने खेळताना तो मध्येच दवाने भिजलेल्या गवतात उकिडवा बसायचा, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. बराच वेळ. नदीचा आवाज यायचा. मी खांब, उभीच. एकदा मी म्हटलं, "मला खड्डा नाही का रे?"

तो हातांखालून म्हणाला, "खांबाला नसतो." मग जरा विचार करून म्हणाला, "पण तुझ्यासाठी बघतो."

संघ हलवला होता त्या खेड्यात टेकडीवर एक देऊळ होतं, दगडी. एकदा भोंगा झाला तेव्हा काही खेळाडू खड्ड्यांपासून लांब होते. ते टेकडीकडे पळाले. देवळाचं छप्पर पक्कं, असं वाटलं त्यांना. बुटकाही त्यात होता. म्हातारा सांगत होता तेव्हा त्याचा आवाज भाजीचे भाव सांगावे तसा होता. "वर गेले ते गेले. खाली बसलो ते राहिलो." उरलेला सामना त्याने त्या सकाळी खेळला नाही. झालाच नव्हता.

मी त्याला कधीतरी विचारलं की या सगळ्यांत तू कोणता? तू कधी दिसत नाहीस. तर त्याने छत्रीच्या पलीकडे बोट दाखवलं, जिथे नुसतं गवत होतं. तो राखीव गोलकीपर होता. वर्षानुवर्षं कडेला बसलेला. पहिल्या गोलकीपरला लागलं-खुपलं तर हा उठायचा, आणि त्याला फारसं लागायचं नाही. मला वाटलं वाईट वाटत असेल, पण तसं काही नव्हतं. म्हणाला, "जो खेळतो तो फक्त चेंडू बघतो. बसलेला सगळं बघतो."

पण हा खाली बघायचा, ते मी सांगितलं नाही अजून. सेंदाईतली माणसं चालता चालता वर बघतात. समुद्राकडच्या भागात विजेच्या खांबांवर खुणा आहेत, मोठ्या भूकंपाच्या दिवशी समुद्राचं पाणी इथवर आलं होतं म्हणून. त्या माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. शाळांच्या भिंतींवर बाण, उंच जागी कुठून जायचं त्याचे. पोरं बालवाडीपासून ते शिकतात. माझी नात जेवताना सुद्धा सांगते, हललं की टेबलाखाली, थांबलं की बाहेर, भोंगा झाला की वर. हा मात्र कुठेही गेला की जमिनीकडे बघायचा. बागेत, बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारात. मग मला कोपराने ढोसायचा आणि एखाद्या गटाराकडे, जिन्याखालच्या पोकळीकडे, रस्त्यासाठी खणलेल्या चराकडे हनुवटीने दाखवायचा. "इथे दोघं बसतील." किंवा नाराजीने, "इथे एकच." मी हसायचे. म्हणायचे, घर बघतोस का भाड्याने?

इमारतीत भूकंपाचा सराव होता तेव्हा सगळे बिऱ्हाडकरू टोप्या घालून शेजारच्या शाळेच्या गच्चीवर जमले. मोजताना एक कमी भरला. लान शरमेने लाल झाली. शोधाशोध केली तर हा इमारतीच्या तळघरात, सायकली लावतात तिथे, भिंतीला पाठ लावून बसलेला. व्यवस्थापक वाकून वाकून त्याला समजावत होता, हा वाकून वाकून हो म्हणत होता. जिन्यात मला म्हणाला, "गच्ची! वेडी माणसं आहेत."

लान त्याच्यावर व्हिएतनामीत चिडली, मग माझ्या सुनेला म्हणाली, "बाबांना मी शंभरदा सांगितलंय. त्यांच्या डोक्याला सगळं कळतं. पण भोंगा डोक्याला ऐकू येत नाही, पायांना ऐकू येतो."

त्याच्या सामन्यांतलं युद्ध संपलं, आणि नदीकाठच्या त्या खेळात मोठी गर्दी यायला लागली. लोक झाडांवर, भिंतींवर, एकमेकांच्या खांद्यांवर. लाल शर्ट जिंकत होते, देशात त्यांच्यापुढे कोणी टिकत नव्हतं. ते दिवस वसंतातले होते, चेरीची फुलं पडत होती, आणि म्हातारा इतका दमायचा की मध्ये मला थर्मासमधला चहा द्यावा लागायचा. मग हळूहळू संघ उतरायला लागला. नवी पोरं आली, पैशाचे संघ आले. सैन्याचा संघ हरला, खालच्या वर्गात गेला, परत वर आला. आणि एक दिवस हुकूम आला की नाव बंद. पोरं तीच राहणार, पण शर्टावरचं नाव जाणार. म्हातारी माणसं मैदानाच्या फाटकाशी येऊन रडली.

"तू रडलास?"

"मी फाटक धरून उभा होतो. वारा होता, आपटत होतं."

त्याच सुमारास त्याची बायको गेली आणि लान त्याला इकडे घेऊन आली. मला वाटलं, आता सकाळचे सामने संपले. दुसऱ्या दिवशी गेले तर धुक्यात तो गळ्यात बूट अडकवून उभा. पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले.

आता नालीकडे येते.

समुद्राकडे मासळीचा एक कारखाना आहे, तिथे व्हिएतनामी पोरं कामाला असतात. रविवारी सुट्टीत ती एका मैदानावर खेळायची आणि म्हातारा त्यांना शिकवायचा. म्हणजे ओरडायचा. पोरं त्याला भ्यायची आणि पाठीमागे नक्कल करायची. त्या रविवारी तो मला म्हणाला, "तिथे खरे खांब आहेत. तू बाकावर बसायचं. चल." बढतीच म्हणायची. सून म्हणाली, "आई, इतक्या सकाळी समुद्रावर? गार वारा असतो." मी म्हटलं, कर्नलचा हुकूम आहे.

पहिल्या बसने गेलो. पोरं यायला अजून वेळ होता, पण सैन्याचा संघ हरला तरी चालेल, उशिरा येत नाही, असं त्याचं होतं. बसमध्ये आम्ही दोघंच. बाहेर सपाट जमीन. एके काळी तिथे घरं होती, आता नुसते चौथरे, गवतात बुडालेले. एका चौथऱ्यावर न्हाणीघराच्या निळ्या फरश्या तेवढ्या शिल्लक होत्या. म्हातारा खिडकीतून खाली बघत होता.

मैदानावर उतरलो. त्याने धुतलेले बूट घातले, खांब हलवून पाहिले, जाळीच्या गाठी तपासल्या. मी बाकावर चहा ओतत होते. आणि जमीन हलली. इथे ती अधूनमधून हलतेच, मी कप धरून बसले. पण थांबेना. गोलची जाळी माशांनी भरल्यासारखी थरथरायला लागली, बाक माझ्यासकट सरकला. म्हातारा हात पसरून उभा होता, तोल सांभाळत, अगदी नीट. मग थांबलं. एकदम शांत. मी उठून त्याला म्हणाले, "जाऊ या. तो लोखंडी मनोरा दिसतोय ना, तिकडे." मोठ्या लाटेनंतर तिथे मनोरे बांधलेत, जिने लावून, लोकांनी चढायला. तो म्हणाला, "हो, जाऊ." शहाण्या माणसासारखं म्हणाला. आम्ही चार पावलं टाकलीसुद्धा.

आणि भोंगा झाला.

त्याने माझं मनगट धरलं. पुढचं मी सांगितलंच आहे.

नालीत बसल्यावर मी आधी त्याला जपानीत सांगितलं. मग मराठीत. मग गिरणीवर हमालांना द्यायचे त्या शिव्या दिल्या. त्याने मान हलवली. "हो, हो. जातील. आवाज करू नको." मी त्याला एक थोबाडीत दिली. चांगली दिली. त्याने गाल चोळला नाही की माझं मनगट सोडलं नाही. माझ्याकडे दयेने पाहिलं, पहिल्यांदा खड्ड्यात बसणाऱ्या पोराकडे बघावं तसं. मला रडू नाही आलं. राग आला. मुलाने इतक्या लांब आणलं, विमानाचं तिकीट काढलं, गुडघ्यांना औषधं केली, आणि मी मरणार व्हिएतनामच्या युद्धात.

तेवढ्यात माझ्या पायांना काहीतरी वेगळं लागलं. गार लागेनासं झालं. मी खाली पाहिलं. नालीतलं पाणी समुद्राकडे पळत होतं. मगाशी जेमतेम वाहत होतं ते आता ओढल्यासारखं जात होतं, पानं, काड्या, एक प्लास्टिकची बाटली, सगळं. बघता बघता तळ उघडा पडला. सिमेंट, चिखल, आणि चिखलात एक खेकडा, तो मात्र समुद्राकडे पाठ करून निघालेला.

मी म्हातारीने त्याची हनुवटी धरली आणि खाली वळवली.

"पाणी बघ. कुठे गेलं?"

तो बघत राहिला.

"विमानं पाणी पितात का रे?"

त्याने खेकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या मनगटावरची बोटं एकेक करून सुटली. चेहऱ्यावरचा आडोसा गेला आणि खरी भीती आली, म्हाताऱ्या माणसाची, आत्ताची.

"त्सुनामी," तो म्हणाला, जणू मीच त्याला सांगितलं नव्हतं.

"हो बाबा. उठ."

त्याने ओंजळ जोडली, मी तिच्यात पाय दिला आणि त्याने मला काठावर फेकलं. कांद्यासारखं. मी पालथी पडले, वळले, हात खाली दिले. पण त्याला चढता येईना. बुटांचे खिळे सिमेंटवर घसरत होते. दोनदा घसरला, हनुवटी फुटली.

"बूट काढ!"

"नाही."

"काढ म्हणते ना!"

खाली वाकून त्याने नाड्या सोडल्या. तोडल्या नाहीत, सोडल्या. एक बूट माझ्या हातात दिला, मग दुसरा. मी दोन्ही मागे भिरकावले आणि त्याचे हात धरले. मी आयुष्यभर ज्वारीची पोती ओढली आहेत. हा पोत्यापेक्षा हलका होता, पण पोतं मध्येच "हळू" म्हणत नाही. कोपर आले, छाती आली, मग एक गुडघा. गवतावर दोघंही पडून राहिलो असतो तर बरं वाटलं असतं. उठलो.

मनोऱ्यापर्यंत मी पळाले. माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. तो मोज्यांवर, माझ्या मागे. जिन्याशी आलो आणि तो थांबला. लोखंडाचा जिना, पायऱ्यांतून खालचं दिसणारा, सरळ आभाळात गेलेला. त्याने कठड्याला हात लावला आणि वर बघितलं. तो वर बघताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मान पुरती मागे गेली नाही, सवय नव्हती.

"वर गेले ते..." तो म्हणाला.

"ते देऊळ होतं," मी म्हटलं आणि चढायला लागले. मी थांबले नाही. लोक नंतर म्हणाले, तुम्ही त्यांना हाताला धरून नेलं. नाही नेलं. कोणीतरी एकाने वर जायलाच हवं होतं, आणि मला नात आहे. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग खालून लोखंडावर मोज्यांचा आवाज आला. मऊ. एक पायरी, थांब. एक पायरी, थांब. मी तरीही मागे पाहिलं नाही. मागे पाहिलं तर तो थांबेल असं वाटलं.

वर एक जपानी म्हातारा आधीच येऊन बसला होता, मांडीवर तपकिरी कुत्रा घेऊन. त्याने वाकून नमस्कार केला आणि सरकून जागा दिली. माझा म्हातारा आला तो सरळ कोपऱ्यात गेला, उकिडवा बसला आणि डोक्यावर हात घेतले. हनुवटीतून रक्त गळत होतं. जपानी म्हाताऱ्याने गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या हनुवटीला लावला आणि धरून ठेवला.

मग पाणी आलं. मोठं नव्हतं. भिंतीसारखं नव्हतं, टीव्हीवर दाखवतात तसं. नालीतूनच आलं, उलटं, समुद्राकडून जमिनीकडे, काळं, घाईने. नाली काठोकाठ भरली, वर आली, मैदानावर पसरली. चहाचा थर्मास उचलला, पांढऱ्या रेषा पुसल्या, जाळीत शिरून दुसरीकडून बाहेर आलं. बाकाच्या पायांपर्यंत चढलं. तिथे जरा थांबलं, सूर्य त्यात दिसला, आणि मग जसं आलं तसं मागे जायला लागलं. कर्ण्यातली बाई अजून सांगतच होती. उंच जागी जा.

कुत्रा एकदा भुंकला. म्हाताऱ्याने हात खाली घेतले आणि कठड्यातून पाहिलं. नाली कुठे होती तेही कळत नव्हतं.

दुपारी इशारा मागे घेतला तेव्हा लान गाडी घेऊन आली, माझा मुलगा तिच्याबरोबर. कारखान्यातली पोरं कारखान्याच्या गच्चीवर होती, त्यांना काही झालं नव्हतं. मैदानाकडे त्या सकाळी आम्ही तीन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा एवढेच होतो. सगळे जगलो.